डासांची भाऊबंदकी आणि पोटातले बांडगूळ

आंब्याच्या फांदीवर बांडगूळ चढले की काय होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. झाड उभे असते, पानेही हिरवी दिसतात, पण फांदी पूर्वीसारखी फळत नाही. ज्वारीत टारफुला निघाला किंवा तंबाखूत बंबाखू माजला, की तीच गत. मुळे एकाची आणि रस पिणारा दुसराच. असेच एक बांडगूळ डासाच्या पोटातही असते असे मी सांगितले, तर तुम्ही म्हणाल, "फार चांगले झाले! वाढू द्या त्याला. आपला शत्रू परस्पर मरतो आहे."

गोष्ट इतकी सरळ नाही. एका जातीच्या डासाचे बांडगूळ त्या डासाला तर छळतेच, पण त्याच्या शेजारी राहणाऱ्या दुसऱ्या जातीच्या डासाचे नशीबही ते बदलू शकते. शेजाऱ्याच्या पिकावर रोग पडला तर बाजारात आपल्या मालाला भाव येतो, तसाच हा प्रकार आहे. आणि गावात कोणत्या जातीचा डास वरचढ होणार यावर गावात कोणता ताप येणार हे पुष्कळसे ठरते. म्हणून ही डासांची भाऊबंदकी आपण जरा नीट समजावून घेऊ.

डास सगळे सारखे नव्हेत, हे आधी ध्यानात घ्या. हिवतापाचा डास वेगळा. त्याला ओढ्याचे, पाटाचे, विहिरीचे, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी लागते. रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स वेगळा. त्याला गटाराचे घाण पाणी आवडते. आज आपण ज्यांची हकीकत पाहणार आहोत ते दोन डास तिसऱ्याच घराण्यातले. हे एडिस घराणे. अंग काळे, पायांवर पांढरे पट्टे, चावण्याची वेळ दिवसाची. डेंगी आणि चिकुनगुन्या हे ताप पसरवतात ते हेच.

या घराण्यातले दोन भाऊ आपल्याकडे आहेत. एकाचे शास्त्रीय नाव एडिस इजिप्ती, दुसऱ्याचे एडिस अल्बोपिक्टस. नावे जड आहेत, म्हणून सोयीसाठी आपण पहिल्याला गावडास म्हणू आणि दुसऱ्याला रानडास. गावडासाच्या पाठीवर दोन बाजूंना दोन बाकदार पांढऱ्या रेघा असतात आणि मध्ये दोन बारीक सरळ रेघा. मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात बसून कोणी हे चित्र काढले असावे असे वाटते: कडेला भोपळ्याचा बाक, मधोमध तारा. रानडासाच्या पाठीवर मात्र मधोमध एकच ठसठशीत पांढरी रेघ असते. शाळेत साधे भिंग असेल तर मेलेला डास कागदावर ठेवून गुरुजींनी मुलांना हा फरक दाखवावा. एकदा दिसला की मुले तो विसरत नाहीत.

गावडास हा मूळचा आपला नव्हे. त्याचे माहेर आफ्रिका. जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून तो जगभर फिरला आणि बंदरांतून आत शिरला. त्याला माणसाचे घर, माणसाचे रक्त आणि माणसाने साठवलेले पाणी हवे असते. रानडास आशियातलाच. शास्त्रात त्याची नोंद झाली तीच मुळी १८९४ साली, कलकत्त्याच्या डासांवरून. त्याला झाडांच्या ढोल्या, बांबूचे तोडलेले खुंट, बागेतल्या करवंट्या, सावलीतली ओल आवडते. पण मिळेल तिथे निभावून नेणे हा त्याचा गुण, म्हणून टाकलेला टायर, डबा, कुंडीखालची ताटली हेही त्याला चालते. म्हणजे दोघांचे बिऱ्हाड पुष्कळदा एकाच डब्यात पडते. भांडण सुरू होते ते इथे.

हे भांडण पंखांचे नव्हे, अळ्यांचे आहे. पावसाने भरलेला एक जुना टायर डोळ्यांपुढे आणा. आत शेर-दीड शेर पाणी, चार कुजकी पाने, थोडी माती. पानांवर वाढणारे सूक्ष्म जीव हेच अळ्यांचे अन्न. त्या पाण्यात दोन्ही जातींच्या मिळून शे-दोनशे अळ्या वळवळत आहेत. सगळ्यांना पोटभर मिळणार नाही हे उघड आहे. काही उपाशी मरतात. काही जगतात, पण त्यांना वाढायला आठ दिवसांच्या जागी पंधरा-वीस दिवस लागतात, आणि तोवर पाणी आटते. काहींचे डास होतात ते किरकोळ अंगाचे; अशी मादी अंडी कमी घालते. कमी अन्नात जी जात लवकर वाढते, तिच्या वाट्याला तो टायर आला असे समजावे. एका वाफ्यात दाट पेरलेल्या दोन पिकांचे जे होते तेच इथे होते.

आता या भांडणात बांडगूळ कसे शिरते ते बघा. या बांडगुळाला शास्त्रज्ञ अ‍ॅस्कोग्रेगॅरिना म्हणतात. हा एकपेशीय जीव, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. पाण्याच्या तळाशी, गाळात त्याचे कण पडलेले असतात. आकाराने लिंबासारखे, दोन्ही टोकांना निमुळते. अळी गाळ चाटता चाटता तो कण गिळते. पोटात गेल्यावर कण फुटतो आणि त्यातून आठ बीजे बाहेर पडतात. ती आतड्याच्या अस्तरात घुसतात, तिथल्या पेशीवर पोसतात, मोठी होतात आणि पुन्हा आतड्याच्या पोकळीत येतात. अळीचा कोष झाला, की ही मंडळी मुक्काम हलवून डासाच्या मूत्रनलिकांत जातात. डासाची मूत्रपिंडेच म्हणा ती. तिथे दोन-दोनांच्या जोड्या जमतात, त्यांच्याभोवती कवच तयार होते आणि आत पुन्हा तेच लिंबाच्या आकाराचे कण शेकड्यांनी बनतात. कोषातून डास बाहेर पडताना, पुढे मादी अंडी घालायला पाण्यावर बसली असताना, तिच्या विष्ठेवाटे हे कण पाण्यात पडतात. डास पाण्यातच मेला तरी काम होते. झाले, पुढच्या पिढीच्या अळ्यांसाठी पेरणी झाली!

गावडासातल्या या जीवाचे शास्त्रीय वर्णन करणाऱ्याचे नाव ऐकून तुम्हाला नवल वाटेल. तो म्हणजे रोनाल्ड रॉस. सिकंदराबादेत १८९७ साली डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहणारा आणि १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळवणारा तोच हा लष्करी डॉक्टर. हिवतापाचा चोर शोधता शोधता त्याला डासांत हे दुसरेच बिऱ्हाडकरू भेटले, आणि काही काळ त्याचा संशय त्यांच्यावरच होता. पुढे हिवतापाशी त्यांचा संबंध नाही हे कळले. १८९८ साली त्याने त्यांना नाव दिले आणि ते प्रकरण बाजूला पडले. शतक उलटल्यावर आपल्या पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी त्याच जीवाकडे पुन्हा भिंग वळवले. त्याची हकीकत पुढे येईलच.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवायच्या. पहिली अशी, की ज्याचे बांडगूळ त्यालाच लागते. गावडासाचे बांडगूळ वेगळ्या जातीचे, रानडासाचे वेगळ्या. एकाचे दुसऱ्याच्या पोटात गेले तरी तिथे त्याचा संसार नीट फुलत नाही. दुसरी गोष्ट अशी, की अळीला पोटभर अन्न असेल तर हे बांडगूळ तिचे फारसे बिघडवीत नाही. पोसलेल्या बैलाला चार गोचिडी लागल्या तर तो जुमानत नाही. दुष्काळात खंगलेल्या बैलाला त्याच गोचिडी जमिनीवर आणतात. अन्नाची टंचाई, दाटी आणि त्यात पोटात खाणारे तोंड, असे तिन्ही एकत्र आले म्हणजे मात्र अळ्या मरतात, वाढ लांबते. आणि टंचाई व दाटी ही तर भाऊबंदकीची जागा. म्हणून बांडगुळाचे खरे वजन कळते ते शर्यतीत, एरवी नाही.

याची परीक्षा अमेरिकेत झाली. तिथे १९८५ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराजवळ रानडास सापडला. तो तिथे आला आशियातून, जुन्या टायरांत बसून. एडिस डासाची अंडी टायरच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. टायर बोटीतून गेले, तिकडे पाऊस पडला, पाणी साचले आणि अंडी फुटली. पण एक गंमत झाली. बांडगूळ अंड्यातून उतरत नाही. त्याला डासाची विष्ठा नाही तर मेलेला डास लागतो. म्हणून रानडास नव्या मुलखात पोहोचला तो बहुतेक ठिकाणी आपल्या बांडगुळाला मागे ठेवून. सावकार गावाकडे राहिला आणि कूळ मुंबईला पळाले, असाच मामला! काही वर्षांनी सावकारही पत्ता काढीत पोहोचला. पण मधल्या काळात कुळाने हातपाय पसरले ते पसरले.

तिकडच्या झाडांच्या ढोल्यांत पूर्वीपासून राहणारा एक देशी डास आहे, एडिस ट्रायसिरिएटस. त्याची आणि या पाहुण्याची गाठ पडली. इलिनॉय स्टेट विद्यापीठातल्या अलियाबादी आणि ज्युलियानो या दोघांनी २००२ साली प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी दोन्ही जातींच्या अळ्या एकत्र वाढवल्या. काही भांड्यांत रानडासाच्या अळ्यांना त्यांचे बांडगूळ दिले, काहींत दिले नाही. जिथे रानडास बांडगुळापासून मोकळा होता तिथे देशी डासाची जास्त दैना झाली. जिथे रानडासाच्या पोटात बांडगूळ होते तिथे देशी डासाच्या अळ्या जास्त जगल्या. ध्यानात घ्या, देशी डासाला कोणी काहीच दिले नव्हते. त्याच्या वैऱ्याच्या पोटात दुखू लागले, एवढाच त्याचा फायदा.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग डासांच्या जातींची सगळी हारजीत या बांडगुळाच्याच हातात आहे. तसे म्हणणे घाईचे होईल. त्याच अमेरिकेत, फ्लोरिडा प्रांतात, रानडास आल्यावर गावडास पुष्कळ ठिकाणांहून हटला. तिथेही बांडगुळावर संशय घेतला गेला. पण ज्युलियानो यांनीच १९९८ साली टायरांत अळ्या वाढवून दाखवले, की तिथे जोर बांडगुळाचा नाही, अन्नाच्या ओढाताणीचा आहे. कमी अन्नात रानडासाच्या अळ्या गावडासाच्या अळ्यांपेक्षा सरस ठरतात. पुढे आणखी एक कारण दिसले. रानडासाचा नर गावडासाच्या मादीशी संग करतो. त्यातून संतती होत नाही, आणि ती मादी नंतर आपल्या जातीच्या नराकडे सहसा वळत नाही. तिचा वंश तिथेच खुंटला. अशी तिहेरी-चौपदरी ही भाऊबंदकी आहे. बांडगूळ हा त्यातला एक साक्षीदार, न्यायाधीश नव्हे.

आता फ्लोरिडातून आपल्या देशात या. इथे उलटा डाव दिसतो. गिलोत्रा, रोझबूम आणि भट्टाचार्य या संशोधकांनी १९६७ साली कलकत्त्याच्या पाहणीवरून प्रश्न उभा केला, की शहरात गावडास हा रानडासाला मागे रेटीत आहे काय. म्हणजे तिकडे जो हरला तोच इकडे जिंकतो आहे! याचे एक कारण अंड्यांत आहे. कोरड पडली, ऊन तापले, की गावडासाची अंडी रानडासाच्या अंड्यांपेक्षा जास्त तग धरतात. सिमेंटची घरे, झाडे कमी, पाणी साठवलेले, हवा कोरडी: हे गावडासाचे राज्य. सावली, ओल, पालापाचोळा: हे रानडासाचे.

आपले सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या माण-खटावात पाचशेच्या आसपास. पश्चिमेला जावळी, पाटण, कोयनेचे खोरे, शिराळा, चांदोलीचे रान. तिथे ढोल्या आहेत, बांबू आहेत, पाऊस महिनोन्‌महिने थांबत नाही. ही रानडासाच्या सोयीची जागा. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ. टेंभू, म्हैसाळ या योजनांचे पाणी कित्येक शिवारांत आले खरे. पण ज्या गावात नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते, तिथे घराघरांत पिंप, रांजण, हौद, बादल्या, झाकणे हरवलेल्या टाक्या भरून ठेवलेल्या असतात. याला कोणी आळस म्हणू नये. ती गरज आहे. परंतु गावडासाला असे गाव म्हणजे आयते आंदण. पाऊस पडो न पडो, त्याचे पाणी माणूसच भरून ठेवतो. म्हणून दुष्काळी गावात डास नसतात ही समजूत डेंगीच्या बाबतीत अगदी फसवी आहे.

आणि या दोन टोकांच्या मध्ये पुण्याहून बंगळूरला जाणारा महामार्ग साताऱ्यावरून, कऱ्हाडावरून, पेठ नाक्यावरून जातो. त्याच्या कडेला टायरवाल्यांची दुकाने आणि त्यांच्या मागे जुन्या टायरांचे ढीग. साखर कारखान्यांच्या आवारात ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या. सुटलेला टायर झोपडीच्या छपरावर दडपण म्हणून जातो, नाही तर गोठ्यामागे पडतो. अमेरिकेला रानडास पोहोचवणारे वाहन ते हेच. रानातला डास गावात आणायला आणि गावातला वाडीवस्तीवर न्यायला याहून चांगली गाडी नाही, कारण डास स्वतःच्या पंखांनी फार लांब जात नाही. शे-दोनशे मीटर हा त्याचा नेहमीचा पल्ला.

मग आपल्याकडे बांडगूळ काय करते? गावडास आपल्याकडे पाहुणा असला तरी त्याचे बांडगूळ निदान रॉसच्या काळापासून इथे त्याच्याबरोबर आहे. रानडास तर आशियातलाच, त्याचे बांडगूळही आशियातलेच. तेव्हा अमेरिकेत जसा एक गडी मोकळ्या अंगाने धावला, तसे इथे होण्याचे कारण दिसत नाही. दोघेही पाठीवर आपापले ओझे घेऊन धावत आहेत. कोणाचे ओझे कोणत्या पाण्यात जड पडते, एवढाच प्रश्न उरतो. आणि ते अन्नावर, दाटीवर, गाळ किती दिवस तसाच पडून आहे यावर अवलंबून राहते. ज्या पिंपाचा तळ वर्षानुवर्षे घासलेला नाही तिथे कणांची पेरणीही पिढ्यान्‌पिढ्यांची. रोज रिकाम्या होणाऱ्या घागरीत ना अळी वाढते ना तिचे बांडगूळ.

कोण जिंकतो याच्याशी आपल्याला काय करायचे आहे, असे विचाराल तर केरळचे उदाहरण घ्या. तिथे २००७ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली. रबराच्या बागांतून चिकासाठी झाडांना बांधलेल्या वाट्यांत पावसाचे पाणी साचत होते आणि त्यात रानडास वाढत होता. त्याच सुमारास चिकुनगुन्याच्या विषाणूत एक लहानसा फरक होऊन तो रानडासाच्या अंगात अधिक सहज वाढू लागला होता. म्हणजे शहरात साथ गावडासाच्या पाठीवर आली आणि बागांत रानडासाच्या. नुसत्या गावठाणातली पिंपे तपासून शिराळ्याच्या नाही तर पाटणच्या डोंगरवस्तीवर भागणार नाही. तिथे परसातल्या करवंट्या, बांबूचे खुंट आणि झाडाच्या ढोल्याही पाहाव्या लागतील.

आता पुण्याकडे वळू. तिथे १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र निघाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. तिथल्या डॉ. देवेंद्र मौर्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ च्या सुमारास गावडासाच्या या बांडगुळावर काम केले. त्यांनी अळ्यांना बांडगूळ आणि चिकुनगुन्याचा विषाणू असे दोन्ही एकदम दिले. त्या अळ्यांचे डास झाल्यावर त्यांच्यापासून केलेली सुकी गोळी नव्या, निरोगी अळ्यांच्या पाण्यात घातली. त्या अळ्यांना बांडगूळ तर लागलेच, आणि त्याच्या जोडीने विषाणूही पोहोचला. म्हणजे बांडगुळाचा तो लिंबाच्या आकाराचा कण विषाणूला कणगीसारखा उपयोगी पडू शकतो, अशी शंका घ्यायला जागा झाली. बियाणे कणगीत घालून ठेवावे आणि पावसाळा आला की काढावे, तसे.

ही शंका आपल्या मुलखाला फार जवळची आहे. सोलापूर जिल्ह्यातले बार्शी इथून काही दूर नाही. तिथे १९७३ साली चिकुनगुन्याची अशी साथ आली, की पाहणीत शंभरातली सदतीस-अडतीस माणसे आजारी पडलेली आढळली. सांधे धरलेले, पाठ वाकलेली, चालायला भिंतीचा आधार. त्यानंतर हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. तीस-बत्तीस वर्षांनी, २००५ च्या अखेरीपासून आणि २००६ साली तो पुन्हा उसळला आणि महाराष्ट्रासह कित्येक राज्यांत पसरला. मग इतकी वर्षे तो होता कुठे? बांडगुळाच्या कणगीत दडून बसला होता काय?

नाही, तसे म्हणता येणार नाही. बार्शीचा विषाणू आशियातल्या कुळीचा होता. २००६ चा आफ्रिकेतल्या कुळीचा. म्हणजे जुना चोर परत आला नाही, नवाच आला. तोही वाटला त्याच्या आधीच आला होता: पुणे जिल्ह्यातल्या यवत गावच्या गावडासांतून २००० साली मिळालेला विषाणू तपासला तेव्हा तो याच आफ्रिकी कुळीचा निघाला. साथीच्या पाच वर्षे आधी तो आपल्या शेजारी होता आणि कोणाला पत्ता नव्हता. तेव्हा तीस वर्षांचा वनवास बांडगुळाच्या माथी मारू नये. पण एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतचे कोरडे महिने विषाणू कसे काढतो, हा प्रश्न वेगळा आहे. मादीच्या अंड्यातून तो थोडाफार उतरतो, हे एक उत्तर. बांडगुळाचा कण हे दुसरे उत्तर असू शकते. हे प्रयोगशाळेत घडले आहे. रांजणाच्या तळाशी ते किती घडते हे वेगळे पाहावे लागेल. एरवी साथीचा मुख्य रस्ता सरळच आहे: आजारी माणूस, डास, निरोगी माणूस.

तर मग "बांडगूळ वाढू द्या" असे म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यावे? डास मारण्यासाठी हे कण मुद्दाम पाण्यात सोडावेत अशी कल्पना शास्त्रज्ञांनीही बोलून पाहिली आहे. मला विचाराल तर ती फार कामाची नाही. एक तर पोटभर खाणाऱ्या अळीला ते मारीत नाही. दुसरे, ते एकाच जातीला लागते. ती खचली की तिची जागा घ्यायला भाऊ टपलेलाच आहे. आणि विषाणूची कणगी होण्याची शंका असलेली वस्तू आपल्याच हाताने पाण्यात कोण पेरील?

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगतो. ती ऐकायला उलटी वाटते, पण शेतकऱ्याला चटकन पटेल. ज्वारी दाट उगवली की आपण विरळणी करतो. का? राहिलेली रोपे जोमाने वाढावीत म्हणून. डासांनी गच्च भरलेल्या हौदात अर्धवट औषध टाकले, किंवा वरचे पाणी काढून तळचे ठेवले, तर आपण डासांची विरळणीच करतो! निम्म्या अळ्या मेल्या, उरलेल्यांना पोटभर मिळाले, त्या लवकर वाढल्या आणि धष्टपुष्ट डास होऊन उडाल्या. कधी कधी डासांची संख्या पहिल्याइतकीच, क्वचित जास्तही भरते. "औषध मारले तरी डास आहेतच" ही तक्रार पुष्कळदा इथून निघते. अर्धे काम इथे निम्मा फायदा देत नाही. काही वेळा मुळीच देत नाही.

म्हणून आरोग्य सेवक सांगतात तो आठवड्याचा कोरडा दिवस पुरा पाळायचा. आठवड्याचाच का, तर पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याच्या आत डाव मोडला पाहिजे. नुसते पाणी ओतून देणे म्हणजे कोरडा दिवस नव्हे. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेघेशी भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. बांडगुळाचे कण तळच्या गाळात असतात. तेव्हा काथ्याने किंवा नारळाच्या शेंडीने आतली भिंत, विशेषतः पाण्याची रेघ येते तो पट्टा, आणि तळ खरवडून घासायचा. तळाचा गाळ गटारात किंवा दुसऱ्या डबक्यात न टाकता उन्हातल्या कोरड्या मातीवर पसरायचा. मग भांडे उन्हात पालथे घालायचे. पाण्याची ओढ असलेल्या गावात भरलेला हौद ओतून द्या असे सांगणे क्रूरपणाचे आहे. तिथे वरचे पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे, तळ घासावा, पाणी परत भरावे आणि तोंडाला धडके घट्ट बांधावे. जनावरांच्या हौदात गप्पी मासे सोडावेत. त्यांना अळीची जात कळत नाही. गावडास असो, रानडास असो, बांडगूळवाली असो वा बिनबांडगुळाची, ते सगळ्या खातात. भाऊबंदकीत कोणाचीच बाजू न घेणारा असा दुसरा पंच मिळायचा नाही.

टायरांचे सोपे आहे. लागणारे असतील ते छपराखाली ठेवावेत; छपरावर दडपणाला ठेवायचेच तर खालच्या अंगाला दोन-चार भोके पाडावीत, म्हणजे पाणी राहत नाही. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या आसपास तोडणी कामगारांच्या खोपी पडतात. तिथली पाण्याची पिंपे कोणाच्याच यादीत नसतात. ग्रामपंचायतीने आणि कारखान्याने ती आपल्या यादीत घ्यावीत, कारण डास शिवेचा दगड पाहून थांबत नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना. काचेच्या बरणीत पाणी घेऊन त्यात पिंपातल्या दहा-बारा अळ्या सोडा, दुसऱ्या तशाच बरणीत शंभर सोडा. दोन्हींत चिमूटभर कुजका पाला सारखाच टाका. तोंडाला पातळ फडके दोऱ्याने पक्के बांधा आणि मुलांना रोज नोंद करायला सांगा: आज किती अळ्या, किती कोष, किती मेल्या. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दोन बरण्यांतला फरक मुलांच्या वहीत आपोआप उतरेल. डास बाहेर पडू लागण्याच्या आधी दोन्ही बरण्यांत उकळते पाणी ओतायचे आणि ते काम गुरुजींनी स्वतः करायचे. मुलांच्या हाती वही द्यावी, किटली देऊ नये.